टोयोटाला पुशरॉड शिकावा लागला

परवा तू इंजिनाचं हेड घेऊन दुकानात आलास, तेव्हा चहा येईपर्यंत एक प्रश्न टाकून गेलास. "काका, नॅसकारच्या मोटार शर्यती म्हणजे अमेरिकेचा घरचा खेळ. त्यात टोयोटा घुसली, आता ऑस्ट्रेलियातही घुसतेय. बाहेरच्या कंपन्या आल्या की असला खेळ बिघडतो काय? आणि मुळात त्यांना आत घेतात कसं?" बोअरिंग मशीनवर ब्लॉक चढवलेला होता म्हणून 'नंतर सांगतो' म्हणालो. आता निवांत आहे, सांगतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पस्तीस वर्षं इंजिनं उघडण्यात आणि बांधण्यात गेली. त्यातली थोडी रॅलीची, थोडी कार्टिंगची, बाकी सगळी ट्रकची, टेम्पोची आणि ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरची. त्यामुळे मी हा विषय इंजिनाच्या बाजूनंच बघणार. ड्रायव्हरांचे हेवेदावे तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

पहिल्यांदा 'घरचा' आणि 'बाहेरचा' ह्या शब्दांचं बघू. २००७ साली टोयोटा नॅसकारच्या सगळ्यात वरच्या मालिकेत, म्हणजे कपमध्ये, कॅमरी घेऊन उतरली. स्टँडमधल्या लोकांनी नाकं मुरडली, काहींनी फलक धरले. त्या वर्षी दुकानात जाऊन ह्याच नावांच्या गाड्या विकत घेतल्या असत्या तर काय मिळालं असतं? फोर्ड फ्यूजन मेक्सिकोतल्या एर्मोसियोच्या कारखान्यात जुळवलेली. शेवरोले माँटे कार्लो कॅनडातल्या ओशावाची. डॉज चार्जर कॅनडातल्याच ब्रॅम्प्टनची. आणि कॅमरी अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या जॉर्जटाउनची, तिथे ती १९८८ पासून बनते. पुढे २०१३ ते २०१७ ह्या काळात शेवरोलेनं कपमध्ये 'एसएस' नावाची गाडी पळवली, ती तर ऑस्ट्रेलियात होल्डन ह्या जनरल मोटर्सच्याच तिथल्या कंपनीच्या कारखान्यात बनून जहाजातून अमेरिकेत यायची. तिला कुणी 'परकी' म्हणून हुर्यो दिली नाही. बॉनेटवर बिल्ला शेवरोलेचा होता ना, संपलं.

आपलं तरी काय वेगळं आहे? ॲम्बेसेडरला आपण जन्मभर देशी गाडी म्हणालो. मूळ गाडी इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिचं १४८९ सीसीचं इंजिनही बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, विलायती घडणीचं. मी पहिलं इंजिन उघडलं ते तेच. चाळीस वर्षं एखादी वस्तू आपल्या मिस्त्रीनं उघडली, घासली, पुन्हा बांधली की ती देशी होते. बिल्ल्यापेक्षा हा हिशेब मला जास्त पटतो, आणि टोयोटाची गोष्टसुद्धा शेवटी ह्याच हिशेबानं सुटते.

आता आत घेतात कसं ते. नॅसकार १९४८ मध्ये सुरू झाली, डेटोना बीचला, बिल फ्रान्स ह्या माणसाच्या पुढाकारानं. पुढच्याच वर्षी, १९ जून १९४९ ला, शार्लटला त्यांनी 'जशी कारखान्यातून निघाली तशी' गाड्यांची पहिली शर्यत घेतली. ग्लेन डनवे नावाचा गडी पहिला आला. तपासणीत सापडलं, की मागच्या स्प्रिंगांमध्ये कडकपणासाठी कारागिरी केलेली आहे, चोरटी दारू वाहणारे लोक करायचे तशी. त्याला बाद केलं आणि लिंकन चालवणाऱ्या जिम रोपरला विजयी ठरवलं. म्हणजे पहिल्याच शर्यतीचा निकाल ट्रॅकवर लागला नाही, तपासणीच्या शेडमध्ये लागला. हे लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

परक्या गाड्यांना सुरुवातीला दार बंद नव्हतं. १३ जून १९५४ ला न्यू जर्सीतल्या लिंडनच्या विमानतळाच्या धावपट्ट्यांवर त्यांनी शर्यत घेतली आणि विलायती गाड्यांनाही बोलावलं. अंडाकृती ट्रॅक नाही, डावी-उजवी दोन्ही वळणं. व्हायचं तेच झालं. अल केलरनं जॅग्वार एक्सके १२० घेऊन ती जिंकली. त्यानंतर पुढच्या परक्या विजयाला किती वर्षं लागली असतील? चोपन्न. मधल्या काळात नियमच अमेरिकी बनावटीच्या मोठ्या सेदान गाड्यांभोवती आवळत गेले. ट्रॅक अंडाकृती, इंजिन लोखंडी ब्लॉकचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरांचं, व्हॉल्व्ह पुशरॉड नावाच्या लांब काडीनं ढकलून उघडणारे, वर कार्बोरेटर. असं इंजिन ज्याच्या घरात नाही त्याला वेगळं दार लावायची गरजच काय?

खासबागेचं उदाहरण देतो, म्हणजे लगेच कळेल. शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानात पंजाबचे, दिल्लीचे, कुठकुठले मल्ल येऊन गेले. पण मॅट बगलेत मारून कुणी आला नाही. येणारा हौद्यात उतरणार, आपलीच लाल माती अंगाला लावणार आणि आपल्याच पंचाचं ऐकणार. नॅसकारनं टोयोटाला नेमकी हीच अट घातली. या, पण आमच्या मातीत या.

टोयोटानं ती मानली, आणि घाई केली नाही. २००० साली गुडीज डॅश नावाच्या छोट्या मालिकेत सेलिका घेऊन आली. तिथे कुणाचं फारसं लक्षच नव्हतं. २००४ मध्ये पिकअप ट्रकच्या मालिकेत टंड्रा आणली, त्याच वर्षी जुलैत मिशिगनला ट्रॅव्हिस क्वॅपिलनं त्यांना पहिली शर्यत जिंकून दिली, आणि २००६ मध्ये टॉड बोडाइननं ट्रकचं विजेतेपदही आणलं. मग २००७ ला कप. पोराला तालमीत घातल्यावर वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी हिंदकेसरीच्या अंगावर सोडतो का? आधी जोर-बैठका, मग हौदा खणणं, मग जोडीदाराशी लढत. ह्याच टोयोटानं अमेरिकेतल्या खुल्या चाकांच्या गाड्यांत १९९६ साली एकदम वरच्या पायरीवर पाय ठेवला होता, आणि पहिला विजय मिळायला २००० साल उजाडलं. होंडाचंही तिथे १९९४ मध्ये तसंच झालं. इंडियानापोलिसच्या मोठ्या शर्यतीला होंडाच्या संघानं ऐनवेळी होंडाचं इंजिन बाजूला ठेवलं आणि दुसऱ्याची गाडी-इंजिन भाड्यानं घेऊन नाव वाचवलं. दोनच वर्षांनी होंडाच्या इंजिनावर मालिकेचं विजेतेपद आलं ही गोष्ट वेगळी. पण त्या दोन वर्षांत फाडलेल्या नोटा मोजल्या असतील कुणीतरी.

आता इंजिन. इथे मी जरा रेंगाळणार, कंटाळलास तर पुढे जा.

टोयोटाकडे व्ही-८ होती. त्यांच्याच लेक्सस गाड्यांतली, वर व्हॉल्व्ह उघडणारे दोन-दोन कॅमशाफ्ट, सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, सगळं गुळगुळीत. नॅसकारला हवं होतं ते नेमकं उलटं. ३५८ घन इंच, म्हणजे साधारण ५.८६ लिटर. सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह. कॅम खाली ब्लॉकमध्ये, त्याच्या उंचवट्यानं उचलला जाणारा टॅपेट, टॅपेटवर पुशरॉड, वर व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर. टॅपेटही साधा, सपाट बुडाचा, रोलरचा नाही. कार्बोरेटर तर कपमध्ये २०११ पर्यंत होता, इंजेक्शन २०१२ ला आलं. लोखंडी ब्लॉकचं असलं पुशरॉड व्ही-८ टोयोटानं कधी एका गिऱ्हाइकाला विकलेलं नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसाच्या त्यांच्या रेसिंग शाखेनं ते कोऱ्या कागदावरून काढलं. जगातल्या सगळ्यात आधुनिक कारखान्यांपैकी एकाला आपल्या ॲम्बेसेडरच्या जातीचं इंजिन शिकायला बसावं लागलं.

हसू नकोस, ते अवघड काम आहे. सपाट टॅपेट कॅमच्या उंचवट्यावरून घासत जातो. ॲम्बेसेडरचा कॅम बदलून पहिल्या वीस मिनिटांत नीट जिरवला नाही, तर टॅपेटचं बूड खाल्लं जातं आणि तेलात चांदी दिसायला लागते. ही गोष्ट माझ्या वस्तादांनी मला शिव्यांसकट शिकवली. ॲम्बेसेडर चार-साडेचार हजार आरपीएमला धापा टाकते. हे गडी तसलाच टॅपेट नऊ हजारांच्या वर फिरवत होते, आणि तेही पाचशे मैल. तिथे पुशरॉड दोरीसारखा वाकतो, व्हॉल्व्ह स्प्रिंग स्वतःच्याच कंपनानं नाचायला लागते. रोलर टॅपेटला परवानगी मिळाली २०१५ ला, आणि त्याच वर्षी ताकद साडेआठशेवरून सव्वासातशेच्या आसपास उतरवली.

कोऱ्या कागदाचा एक फायदा मात्र असतो. शेवरोलेचं छोटं व्ही-८ हे १९५५ पासूनचं घराणं. त्यात शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यांतलं अंतर ४.४ इंच, आणि ते अंतर सगळ्या पिढ्यांना वारशात मिळालेलं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, वाढवायचा तर भिंत पातळ होते, पाण्याला जागा उरत नाही, हेड गॅस्केट मधल्या पट्टीत फुंकतं. नवीन ब्लॉक काढणारा माणूस ते अंतर जरासं वाढवून मोकळा होतो. टोयोटानं तेच केलं. शिरोलीतला कुठलाही पॅटर्नवाला, म्हणजे ओतकामाचा नमुना बनवणारा, तुला सांगेल, की जुन्या पॅटर्नला ठिगळं लावण्यापेक्षा नवा पॅटर्न परवडतो, फक्त त्याचे पैसे देणारा मालक पाहिजे. शेवरोलेनंही मग २००७ ला नवा ब्लॉक आणला, फोर्डनं दोन-तीन वर्षांत आणला. बाहेरचा आल्यामुळे घरच्यांनी पॅटर्न बदलले, हा पहिला परिणाम लिहून ठेव.

हे ब्लॉक लोखंडाचे असले तरी आपल्या नेहमीच्या ग्रे आयर्नचे नाहीत. कॉम्पॅक्टेड ग्राफाइट आयर्न. ग्रे आयर्नमध्ये ग्राफाइटच्या पापड्या असतात, एसजी नावाच्या चिवट लोखंडात गोळ्या, ह्यात आखूड जाड अळ्यांसारखा आकार. त्यासाठी रसात मॅग्नेशियम इतकं मोजून टाकावं लागतं, की जरा जास्त झालं तर एसजी होतं, जरा कमी झालं तर पापड्या परत येतात. ह्या मधल्या बारीक फटीत रोज सारखं ओतणं म्हणजे फौंड्रीवाल्याची झोप उडवणारा प्रकार. पण जमलं तर भिंत पातळ ठेवूनही ब्लॉक हलत नाही. कुठे 'जुनाट लोखंडी ब्लॉक' असं लिहिलेलं असलं, तरी आतली धातुविद्या जुनाट नाही.

इतकं करून पहिलं वर्ष कसं गेलं? पार धुळीला. २००७ च्या डेटोना ५०० लाच मायकेल वॉल्ट्रिपच्या टोयोटाच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांत, नसायला हवा तो पदार्थ सापडला. शंभर गुण कापले, क्रू चीफला, म्हणजे गाडीच्या मुख्य मिस्त्रीला, घरी पाठवलं, एक लाख डॉलर दंड. त्यानंतर तो सलग ११ शर्यतींना पात्रच ठरला नाही. टोयोटाच्या बाकी गाड्याही आठवड्याआड पात्रता फेरीतूनच ट्रेलरवर चढून परत जायच्या. वर्षभरात विजय शून्य. जॅक रौशसारखे फोर्डचे जुने संघमालक आधी ओरडत होते, की हे लोक पैशाच्या जोरावर आमचे इंजिनिअर, आमचे ड्रायव्हर पळवतील, सगळ्यांचा खर्च वाढेल, आम्ही बुडू. २००७ संपताना त्यांना हसू आलं असेल.

२००८ ला चित्र फिरलं, आणि का फिरलं ते बघ. जो गिब्स रेसिंग हा जुना, मुरलेला संघ जनरल मोटर्स सोडून टोयोटाकडे आला. त्यांच्याकडे चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, बांधणारे होते, शर्यतीत झटपट चाकं बदलणारा पिट क्रू होता, कुठल्या ट्रॅकवर किती स्प्रिंग लागते ह्याच्या वर्षानुवर्षांच्या वह्या होत्या. चौथ्याच शर्यतीत, ९ मार्च २००८ ला अटलांटाला काइल बुश जिंकला. चोपन्न वर्षांनी परका बिल्ला कपमध्ये पहिला. त्या हंगामात त्यानं एकट्यानं आठ शर्यती मारल्या. २०१५ ला तोच विजेता, २०१६ ला डेनी हॅमलिननं डेटोना ५०० आणली, २०१७ ला मार्टिन ट्रूएक्स, २०१९ ला पुन्हा बुश. पैसा २००७ लाही होता, इंजिनही होतं. नव्हती ती वही. ही वही विकत मिळत नाही. ती ज्याच्याकडे आहे तो माणूसच आपल्याकडे यावा लागतो.

आणि ज्या तीन संघांनी पहिल्या वर्षी टोयोटासाठी शिव्या खाल्ल्या त्यांचं काय झालं? बिल डेव्हिसचा संघ २००८ संपताना विकला गेला. रेड बुलचा २०११ ला बंद. वॉल्ट्रिपचा २०१५ ला बंद. तिघांपैकी आज एकही नाही. वाट पाडणारे गेले, त्या वाटेनं दुसरेच चालले. फर्निचर रो हा डेन्व्हरचा छोटा संघ टोयोटाच्या जोरावर २०१७ चा विजेता झाला, आणि २०१८ संपताना त्यालाही कुलूप लागलं. मोठा पुरस्कर्ता गेला होता, आणि मोठ्या संघाकडून तंत्राची मदत घ्यायचा खर्च झेपेना. रौशची भीती निम्मी खरी होती असं मी म्हणेन. बुडणारे बुडाले, पण पहिली पाळी टोयोटाच्याच गोटातल्या छोट्यांवर आली. उलट, 'घरची' म्हणवणारी डॉज २०१२ ला ब्रॅड केसेलोव्स्कीच्या हातून विजेती झाली आणि त्याच वर्षाच्या शेवटी गाशा गुंडाळून गेली. पाँटियाक तर २००३ नंतरच दिसेनाशी झाली. तेव्हा घरच्यांचा भरवसा आणि बाहेरच्यांचा धोका असली वाटणी करू नकोस. कारखाना घरचा असो की बाहेरचा, वरच्या मजल्यावर कुणीतरी वही मिटली की संघाच्या दाराला कुलूप लागतं. आपल्या एमआयडीसीत हे कुणाला वेगळं सांगायला नको.

आता तपासणीच्या शेडमध्ये परत येऊ. २००८ मध्येच दुसऱ्या नंबरच्या मालिकेत टोयोटा इतकी पुढे पळत होती, की नॅसकारनं हंगामाच्या मध्येच नियम आणला. सिलिंडरांमधलं अंतर अमुक इंचांपेक्षा जास्त असेल, तर कार्बोरेटरखालच्या प्लेटची भोकं लहान करायची. टोयोटाचं नाव नियमात कुठे नाही! पण ते अंतर कुणाच्या ब्लॉकमध्ये होतं हे पोरासोरांना माहीत होतं. मग ऑगस्टमध्ये मिशिगनच्या शर्यतीनंतर नॅसकारनं गाड्या डायनोवर चढवून ताकद मोजली, तेव्हा गिब्सच्या गाड्यांच्या ॲक्सिलरेटरखाली चुंबक सापडले. कशाला? पेडल पूर्ण दाबलं जाऊ नये, ताकद कमी दिसावी, आणि पुढच्या नियमात आणखी भोकं लहान होऊ नयेत म्हणून. गाडी जोरात पळावी म्हणून चोरी करणारे मी खूप पाहिले. कमी पळते असं दाखवायला चोरी, हा मात्र कळस होता. दोन्ही क्रू चीफ निलंबित, दंड, गुण वजा.

हसतो मी, पण मला हक्क नाही. माझीही एक फजिती आहे. एका स्थानिक रॅलीला गटाची मर्यादा १३०० सीसी होती आणि माझ्याकडे एस्टीमचं इंजिन आलं होतं. बोअर ७४ मिलिमीटर, स्ट्रोक ७५.५. गुणून बघ, १२९८.९ सीसी येतात. म्हणजे मर्यादेच्या आत जेमतेम एक सीसी. सिलिंडरात बारीक ओरखडे होते, म्हणून होनिंग करून साफ केलं. सिलिंडरचा व्यास मोजायचं बोअर गेज शून्याला लावून घ्यायला विसरलो. गेज सांगत होतं ७४.०१, प्रत्यक्षात झालं होतं ७४.०५. पाच शतांश मिलिमीटर. पुन्हा गुण. १३०० च्या वर जातं. गाडी गटात दुसरी आली, हेड उघडलं, मोजलं आणि बाद. पोरगा माझ्याशी एक शब्द बोलला नाही, हेच जास्त लागलं. चोरी नव्हती, पण नियमाच्या लेखी चोरी आणि चूक ह्यांचं माप एकच. बाहेरून येणाऱ्या कंपनीला सगळ्यात आधी हीच गोष्ट शिकावी लागते, की पंचाच्या हातातलं गेज कुठल्या आकड्याला शून्य मानतं.

ऑस्ट्रेलियाचं थोडक्यात सांगतो, कारण तिथलं नाटक मोठं आहे पण इंजिनाचं शहाणपण कमी. तिथल्या मोठ्या मालिकेत, जिला आता सुपरकार्स म्हणतात, फोर्ड आणि होल्डन ह्या दोन तालमी होत्या. घराघरांत बापापासून पोरापर्यंत निष्ठा. १९९१ आणि १९९२ ला बॅथर्स्टची मोठी शर्यत निसान जीटी-आरनं मारली. चार चाकांना जोर, टर्बो, बाकीचे बघत राहिले. १९९२ ला मुसळधार पावसात शर्यत थांबवावी लागली, जीटी-आर तोवर आपटलेली होती, पण आधीच्या फेरीचा निकाल धरल्यामुळे तीच विजेती ठरली. गर्दीनं अशी हुर्यो उडवली, की जिम रिचर्ड्सनं मंचावरूनच लोकांना शिवी हासडली. चालवणारे दोघंही तिथलेच, रिचर्ड्स शेजारच्या न्यूझीलंडचा आणि मार्क स्केफ तर अस्सल ऑस्ट्रेलियन. तरी बिल्ल्यानं घात केला. पुढच्या वर्षापासून नियम पाच लिटरच्या व्ही-८ भोवती बांधले आणि खेळ पुन्हा दोन तालमींचा झाला.

मग वीस वर्षांनी त्यांनाच वाटलं, दोघांच्याच कुस्तीला गर्दी किती दिवस येणार? २०१३ ला नवी चौकट आणली, निसान आणि मर्सिडीज आल्या, २०१४ ला व्होल्वो. व्होल्वो २०१६ ला गेली, मर्सिडीजच्या गाड्या त्याआधीच थांबल्या, निसान २०१९ नंतर नाही. आणि गंमत म्हणजे २०२० मध्ये जनरल मोटर्सनं होल्डन हे नावच पुसून टाकलं. परके आले-गेले, पण घर बंद केलं ते घरच्या मालकानं. आता टोयोटानं २०२६ पासून सुप्रा जाहीर केली. रस्त्यावरच्या सुप्रात सहा सिलिंडरांचं इंजिन, तेही बीएमडब्ल्यूचं. शर्यतीच्या सुप्रात मात्र व्ही-८. इथली माती व्ही-८ ची आहे, आल्यावर लावावीच लागते.

आता तुझ्या प्रश्नाचा जो भाग तू विचारला नाहीस तो. नॅसकारनं २०२२ ला जी नवी गाडी आणली तिच्यात चॅसिस एकाच ठिकाणाहून विकत घ्यायचं. गिअरबॉक्स एक्सट्रॅक कंपनीचा, सगळ्यांना तोच. चाकं, ब्रेक, टायर ठरलेले. नव्या कंपनीला आत यायला सोपं जावं हा त्यामागचा एक उघड हेतू होता. राम कंपनीनं २०२६ पासून ट्रक मालिकेत परत यायचं ठरवलं, ती अर्थात घरचीच. सोपं झालं हे खरं. पण मग कंपनीनं स्वतःचं म्हणून आणायचं काय उरलं? इंजिन, वरचं कवच, आणि संगणकावरचं गणित. रौशच्या काळात संघाच्या शेडमध्ये माणूस स्वतः वेल्डिंग करून चॅसिस बांधायचा आणि त्यातच जिंकायची गंमत होती. ती माणसं आता पेटी उघडून नट आवळतात. मला विचारशील तर खेळ बदलला तो इथे, टोयोटाच्या बिल्ल्यानं नाही. आणि हे नियम टोयोटानं लिहिलेले नव्हते.

आपल्याकडे ही गोष्ट आधीच घडून गेली आहे, फक्त गाजली नाही. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर लोक घरी बांधलेल्या गाड्या पळवायचे, कोईमतूरच्या करिवर्धन ह्यांनी मारुतीच्या इंजिनावर फॉर्म्युला गाड्या बांधल्या. मग २०१० ला फोक्सवॅगननं पोलो कप आणला. सगळ्या गाड्या सारख्या, कंपनीनंच तयार केलेल्या, इंजिनाला सील. मुलगा हेल्मेट घेऊन जायचा, चालवून यायचा. टोयोटानंही पुढे इटिओसची तशीच मालिका केली. ड्रायव्हरच्या दृष्टीनं ह्याहून न्याय्य काही नाही. बापाच्या पैशानं ताकद विकत घेता येत नाही. आपल्या कोल्हापूरच्याही पोरांना त्यातून वर जायला मिळालं, इथल्या मोहिते रेसिंगच्या कार्ट ट्रॅकवर हात बसवून. पण माझ्यासारख्याला सीलबंद इंजिनासमोर उभं राहून काय करायचं? शिट्टी वाजवायची? तक्रार म्हणून सांगत नाही, त्या पद्धतीत मिस्त्रीची जागाच नसते एवढंच.

म्हणून तुला सांगतो, तुमच्या कॉलेजच्या गाडीसाठी पोस्टर काढताना 'संपूर्ण देशी' वगैरे लिहू नका. तुमचं इंजिन जपानी आराखड्याचं आहे, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, आयात केलेला आहे, आणि ते शोभतं. गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या फौंड्र्यांतून रोज परदेशी गाड्यांचं कास्टिंग ओतलं जातं. त्या ओतीवाला आपण कधी परकं म्हटलंय का? उलट पोस्टरवर हे लिहा, की कुठलं काम आपल्या हातानं उघडून बांधलं. ते किती आहे हे प्रामाणिकपणे मोजा. तू आणलेल्या हेडचे पोर्ट, म्हणजे हवा-धूर जायचे मार्ग, तुम्ही स्वतः घासलेत असं म्हणालास. तिसऱ्या सिलिंडरचा इनटेक बाकी तिघांपेक्षा मोठा झालाय, बोट घातलं तरी कळतंय. तो कुणी घासला ते मला माहीत नाही, पण ज्यानं घासला त्याला घेऊन ये.

रविवारी सकाळी ये, दुकान बंद असतं, निवांत बसू. पोर्टातून हवा किती जाते ते मोजायचा फ्लो बेंच माझ्याकडे नाही, पण पाणी भरून ब्युरेटनं चेंबरचे सीसी मोजता येतील. आणि येताना कॉलेजच्या लॅबमधला बोअर गेज आण, शून्य लावायच्या सेटिंग रिंगसकट. माझा आहे, पण त्याच्यावर एकट्यावर मी आता भरवसा ठेवत नाही.